राळेचा एक हात

मित्रांनो, मी एक जुनी युद्धनौका आहे. हसू नका. माझी लांबी साडेतीन फूट आणि वय अवघं तीन वर्षं. पण ज्या कामासाठी मला घडवलं ते माझ्याकडून एकदाही झालं नाही, आणि न वापरलेली वस्तू फार लवकर म्हातारी होते. माझं काम होतं बुडणं.

आता तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच. सांगते. पुण्याकडे हौशी लोकांचा एक क्लब आहे. चांगली मोठी माणसं तळ्याकाठी उभी राहतात, रिमोटवर छोट्या युद्धनौका चालवतात आणि एकमेकांवर गोळाबार करतात. तोफेतून ज्वारीच्या दाण्याएवढे पोलादी छर्रे सुटतात. नौकेची कूस मुद्दाम मऊ लाकडाच्या पातळ फळीची ठेवतात. छर्रा लागला की भोक पडतं, पाणी शिरतं, नौका तळाशी जाते. मग मालक पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरतो, तिला वर काढतो, नवी फळी चिकटवतो आणि पुन्हा लढायला सोडतो. तिथे बुडणं म्हणजे मरण नाही. तो खेळच तसा आहे.

अशी नौका कुणालाही घरी जोडता यावी, म्हणून सुट्या भागांचा एक संच तयार करायचं रुचिताने ठरवलं. रुचिता मुरुडची, न्हावा शेव्याला बंदरातल्या एका कंपनीत इंजिनीअर. तिचे वडील भागोजी खाडीकाठच्या शेडमध्ये लाकडी होड्या बांधायचे. फायबरच्या होड्या आल्या आणि ते काम बंद पडलं. चार वर्षांत त्या शेडमधून एकही होडी पाण्यात गेली नव्हती. तरी भागोजी रोज सकाळी तिथे जायचे, हत्यारांना तेल लावायचे आणि घरी परत यायचे. लेकीला ते बघवेना. क्लबने संच पसंत केला तर त्याचे भाग याच शेडमध्ये कापायचे आणि आपणही नोकरी सोडून मुरुडला यायचं, असं तिने ठरवलं. राजीनामा लिहून तिने पर्समध्ये ठेवला होता. पसंतीसाठी एक नमुना हवा होता. तो नमुना म्हणजे मी.

काय दिवस होते ते! रुचिता दर शनिवारी एसटीने यायची. संगणकावर तिने माझा आराखडा काढला होता. भागोजी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघायचे. म्हणायचे, "बाय, हिचं पोट लई सपाट हाय. वळताना कलंडंल." ती खोडून पुन्हा काढायची. माझ्या बरगड्या किती अंतरावर असाव्यात यावरून बापलेकीची दोन शनिवार जुंपली होती. दोन बरगड्यांमधली जागा मोकळी हवी, छर्रा तिथूनच आत जाणार, असं ती सांगायची. ते मान डोलवायचे आणि बरगड्या जवळजवळ लावायचे. ती काढायची, तेही हसून पुन्हा लावायचे. त्या शेडमध्ये इतकं हसू कित्येक वर्षांत ऐकू आलं नव्हतं.

शेवटी एका रविवारी रुचिताने माझ्या फळ्या स्वतः चिकटवल्या आणि दुपारच्या गाडीने गेली. सोमवारी भागोजी एकटे आले. त्यांनी मला मांडीवर घेतलं. उन्हाकडे धरलं तर फळीतून उजेड दिसत होता. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, फळी आत गेली. मित्रांनो, या माणसाने आयुष्यात एकेचाळीस होड्या बांधल्या होत्या आणि त्यातली एकही बुडाली नव्हती. पंचक्रोशीत त्यांची ओळखच ती होती. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि राळेचा डबा उघडला. तेलात कालवलेली राळ आतून फासली की लाकूड चिवट होतं, पाणी धरत नाही. त्यांनी एकच हात दिला, तोही पातळ. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी भागोजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पुण्याला आले. क्लबचे नियम सांभाळणारे सुश्रुत नावाचे गृहस्थ होते. त्यांनी दोन हातांवरून माझ्या कुशीवर छर्रे सोडले. एक, दोन, पाच. सगळे टणटण उडून पाण्यात पडले. "न्हाय फुटायची," भागोजी शेजारच्या माणसाला कौतुकाने म्हणाले.

सुश्रुत म्हणाले, "याला आतून काहीतरी लावलंय. हे नियमात बसत नाही."

"फळी साधी आहे," रुचिता ठामपणे म्हणाली. "मी माझ्या हाताने चिकटवली आहे."

त्यांनी माझं वरचं झाकण काढलं, आत बोट घासलं आणि तिच्यापुढे धरलं. राळेचा वास तिने लहानपणापासून घेतला होता. ती वडिलांकडे वळली.

"अण्णा, तुम्ही लावलीत?"

"बाय, पातळच लावली. एकच हात."

तिने माझं झाकण परत बसवलं. परतीच्या वाटेवर ती पेणलाच उतरली. दुसऱ्या दिवशी तिने पर्समधला कागद फाडला आणि कामावर गेली. मी शेडमधल्या फळीवर पडून राहिले. भागोजींनी हत्यारांना तेल लावणंही सोडलं.

दोन वर्षं अशी गेली. मग मागच्या महिन्यात रुचिताचा फोन आला. क्लब आणखी एकदा नमुना बघायला तयार होता. ती म्हणाली, "अण्णा, मी नव्या फळ्या पाठवते. चिकटवायच्या आणि सोडून द्यायच्या. जमणार असेल तर रविवारी दुपारी माझा फोन उचला आणि हो म्हणा. नाही उचललात तर मी समजेन. कंपनी मला गुजरातच्या बंदरात पाठवतेय, मी तिकडे जाईन."

"आधी जुनीलाच बुडवून बगतो," भागोजी म्हणाले. "जमंल. का न्हाय जमणार?"

त्या रविवारी भरतीच्या वेळी त्यांनी मला खाडीत नेलं. गुडघाभर पाण्यात उभे राहिले. गिरमिट माझ्या कुशीला लावलं आणि डोळे मिटून फिरवलं. भोक पडलं. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटात पाणी आलं. गार, खारट पाणी. मी एका अंगाला झुकले. आता सुटले, असं मला वाटलं.

आणि भागोजींनी भोकावर अंगठा ठेवला.

तेवढ्यात सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. त्यांच्या एका हातात माझी नाळ, म्हणजे पुढचं टोक, होतं, दुसऱ्याचा अंगठा भोकावर. अहो, मला उचलून काठावर ठेवा आणि फोन घ्या, इतकं सोपं होतं. त्यांना ते सुचलंच नाही. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. पाणी ओसरेपर्यंत ते तसेच उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती.

नंतर फोन परत लावता आला असता. त्यांनी लावला नाही. उत्तर काय आहे, ते त्यांना आता कळलं होतं. त्यांनी मला शेडमध्ये आणलं, भोकात कापूस ठासला आणि वरून राळेचा एक हात दिला.

मित्रांनो, वस्तू जपून वापराव्यात असं तुम्हाला शाळेत शिकवतात. मला इतकं जपलं की माझ्यापायी एक लेक दूर गेली आणि एक शेड बंद झाली. म्हणून माझं एवढं ऐका. कधी मुरुडला आलात तर खाडीकाठच्या त्या शेडमध्ये या. माझ्या कुशीतला कापूस काढा आणि मला पाण्यात सोडा. म्हातारा धावत येईल, अंगठा पुढे करील. त्याला रागावू नका. फक्त कुणीतरी त्याचा हात धरून ठेवा.