तारीख गुणवंतीची

छप्पन साली मोर्च्यातून अश्रुधुराने लाल झालेले डोळे घेऊन गुणवंती घोडपदेवच्या चाळीत परतली आणि नळावरच्या बायांसमोर बोलून गेली, "महाराष्ट्र झाल्याशिवाय मी लग्न करायची नाही." बाया हसल्या. आई शेवंताबाईने कपाळाला हात लावला.

पण दौलत तिच्यासाठी थांबला. तो तिच्याच गिरणीतला. सत्याग्रहात पोलिसांनी दोघांना एकाच गाडीत घालून नेलं होतं, तिथं ओळख झाली. चार वर्षं लोक त्याला चिडवत राहिले.

साठ साली महाराष्ट्र स्थापनेचा दिवस म्हणून एक मे जाहीर झाला, तशी गुणवंतीने लग्नाला तीच तारीख धरली. त्याच सकाळी चाळकमिटीने चौकात झेंडावंदन ठेवलं होतं. कमिटीचे शामराव जिना चढून आले.

"गुणवंती, चौक एकच, मांडव एकच. आठ दिवसांनी कर की. चांगला मुहूर्त बघ."

"काका, बौद्ध झाल्यापासून आम्ही मुहूर्त बघत नाही. झेंडा कितीला?"

"आठला."

"मग लगेच आमचं लग्न, त्याच मांडवात. त्रिशरण, पंचशील, हार घातले की झालं."

"आणि भाषणं?"

"जेवताना ऐकतील. पानावरून कोण उठून जातंय?"

शामराव घुटमळले. "कमिटीला विचारावं लागेल."

"मोर्च्याला बोलवायला आलात, तेव्हा कुठं विचारलं होतंत?"

शामराव जिन्याकडे वळले. मग म्हणाले, "मांडव तुझा."

एक मेच्या रविवारी झेंडा चढला. घोषणांनी चाळ दणाणली. पांढऱ्या साडीतली गुणवंती सरळ स्टेजवर जाऊन दौलतशेजारी उभी राहिली. शेवंताबाई मात्र गर्दीच्या मागे, खांबाला धरून. वर गेलं तर कुणी 'आता उतरा' म्हणेल, अशी धाकधूक तिला. शामराव स्वतः खाली उतरले. "वहिनी, वर या. मुलीची आई मागे कशी?"

पंचशील झालं, हार पडले, टाळ्या थांबेनात. मग पानं मांडायच्या आधीच शामराव भाषणाला उभे राहिले ते थांबायचं नाव घेईनात.

"काका, आवरा!" नवरीने माइकजवळ तोंड नेलं. "भात थंड होतोय!"

अख्खा चौक हसला. शेवंताबाई तर पदर तोंडाला लावूनही हसू आवरू शकली नाही.