पुलाखाली ठेवलेली सावली

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे आणि माझी सावली माझ्याजवळ नाही. तुम्ही उन्हाचे आलात तर माझ्या शेजारी जमिनीवर एक काळी आकृती दिसेल तुम्हाला. पण ती आपली उरलीसुरली. खरी सावली त्या समोरच्या दगडी पुलाच्या पायात आहे. ती तिथे कशी गेली, तेवढंच आज सांगते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठिणग्या आठवतात, रंगाचा उग्र वास आठवतो, आणि मग जहाजाच्या पोटातला तो लांबलचक अंधार. त्या अंधारात आम्ही पुष्कळ जणी शेजारीशेजारी उभ्या राहून संथपणे डुलत होतो. आई कशी असते हे मला कोणी विचारलं, तर मला तो डुलणारा अंधारच आठवतो.

डोळे उघडले ते इओआनिना शहरात, तळ्याकाठच्या एका विक्रीच्या आवारात. तिथे एके दिवशी डोंगरातून तिघं आली. झिसिस हा दगडाचं काम करणारा गवंडी, त्याची मुलगी लांब्रिनी सुतार, आणि त्याचा मेहुणा स्टेर्गिओस नळ बसवणारा. तिघं मिळून घरं बांधत. त्यांच्या जुन्या गाडीची फक्त मागची चाकं जोर लावत. बर्फ पडला की ती चढावरून मागे घसरायची आणि कुणाच्या तरी घराचं छप्पर वसंतापर्यंत उघडं राहायचं.

स्टेर्गिओस थेट एका लालभडक, पाच माणसांच्या गाडीत जाऊन बसला. तिची आसनं लोण्यासारखी मऊ होती.

"दाजी, हीच घेऊ. बसल्याबसल्या मंत्री झाल्यासारखं वाटतंय."

"आणि मंत्र्याचे पाईप कुठे ठेवायचे? मांडीवर?" लांब्रिनीने विचारलं. "मामा, पुढे एवढं घर बांधलंय, मागे हौदा किती उरलाय ते बघ. माझी एक तुळईसुद्धा मावायची नाही."

मी कोपऱ्यात उभी होते. फिकट निळी. पुढे तिघांपुरतं एकच लांब आसन, मागे लांब हौदा, साधी लोखंडी चाकं. लांब्रिनी सरळ जमिनीवर आडवी झाली आणि माझ्या खाली शिरली.

"ताई, कपडे खराब होतील," विक्रेता म्हणाला.

"व्हायचे तेवढे झालेत," खालून आवाज आला. मग तिने माझे वजन झेलणारे पाटे ठोकून पाहिले, सांगाड्याच्या जोडांवरून बोट फिरवलं, आणि आत बसून चारही चाकांना जोर देणारा तो आखूड दांडा ओढला. तो खटकन बसला. तिला तो आवाज आवडला असावा, कारण तिने तो पुन्हा एकदा काढून घातला.

झिसिसने मात्र घरून एक पोतं आणलं होतं. त्यात छपराच्या दगडी फरश्या होत्या. त्याने त्या माझ्या हौद्यात एकेक करून रचल्या आणि मागे सरून, घोडा पाहावा तसा, माझ्या पाठीकडे पाहत राहिला.

"बसली नाही," तो शेवटी म्हणाला. "नुसती नम्र झाली."

मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं की कामाची गाडी पाठीवरून आणि पायांवरून निवडतात, तोंडावरून नाही. मला वाटतं, सोबतीही तसेच निवडावेत.

गावात धर्मगुरूंनी तुळशीची डहाळी पाण्यात बुडवून माझ्यावर शिंपडली. लांब्रिनीच्या आत्याने दृष्ट लागू नये म्हणून आरशाला निळा मणी बांधला. आणि दुसऱ्या दिवसापासून झिसिस रोज सकाळी माझ्या कपाळावर थाप मारून विचारू लागला, "जागी झालीस का गं?" उत्तर म्हणून मी घुरघुरायचे.

काम खूप असे. चुना, वाळू, तुळया, नळ, फरश्या. एकदा स्टेर्गिओसला वाटलं की चार चाकं फिरतात म्हणजे गाडी कुठेही जाते, आणि त्याने मला ओढ्याच्या गाळात घातलं. चार चाकं फिरतात तशी चारही रुततात, हे आम्हा दोघांना तेव्हाच समजलं. शेजाऱ्याच्या खेचराने मला बाहेर काढलं. ते खेचर पुढे कितीतरी दिवस माझ्याकडे मान वाकडी करून बघे.

आता त्या पुलाकडे वळते.

आमच्या गावाखालून नदी वाहते. पलीकडच्या काठावर तेव्हा एकच घर नांदतं होतं, एव्हांथिया आजीचं. चार शेळ्या, एक अक्रोडाचं झाड आणि ती. पुराने जुना पूल नेला. तिचा मुलगा अथेन्सला असे. त्याने निरोप धाडला, की बर्फ पडायच्या आत पूल झाला नाही तर आईला मी इकडे घेऊन येणार. त्याचं चूक नव्हतं. बर्फात आजारी पडलेल्या म्हातारीपर्यंत पोचायचं कसं?

"चौथ्या मजल्यावर राहतो तो," आजी झिसिसला म्हणाली. "तिथे शेळ्या काय जिन्याने चढवू?"

झिसिसने पूल अंगावर घेतला. नदीच्या पात्रातून वर जाणाऱ्या ओबडधोबड वाटेने मी खाणीतून दगड आणू लागले. आखूड दांडा ओढलेला, पाण्याचा थंड हात पोटाला लागलेला, आणि मी गोगलगाईसारखी सावकाश. पण अलीकडचा पाया काही केल्या बसेना. रचला, की रात्रीच्या पाण्याने खालची वाळू सरकायची आणि दगड तिरके व्हायचे. पुन्हा रचला, पुन्हा तेच.

मग गावात कुजबुज सुरू झाली. पाया सावली मागतोय.

त्या डोंगरातल्या गवंड्यांची ही फार जुनी समजूत. बसत नसलेल्या पायात कुणाच्या तरी सावलीचं माप ठेवायचं. दोरीने सावली मोजायची, दोरी दगडांत चिणायची, की पाया बसतो. पण ज्याची सावली मोजली, तो वर्षाच्या आत जातो. यावर कोणाचाच विश्वास नव्हता. तसं सगळे म्हणत. तरी पाववाला आपली गाडी वरच्या वळणावरच उभी करू लागला, आणि धर्मगुरू काम पाहायला आले तेही भर माध्यान्ही, सावली पायांतून बाहेर पडत नाही तेव्हा.

एकटी एव्हांथिया आजी पात्रातल्या दगडांवरून काठी टेकत आली आणि उन्हात उभी राहिली. "घे माझी. मला आता काय लग्न करायचंय?"

"तू गेलीस तर पूल कोणासाठी बांधू, म्हातारे?" झिसिस म्हणाला. "जा, शेळ्या बघ."

पण मी पाहिलं होतं. त्या सकाळी त्याने मला थाप मारली नव्हती. त्याच्या खिशात दोरी होती.

आजी गेल्यावर तो पायाजवळ उन्हाकडे पाठ करून उभा राहिला. त्याची सावली ओल्या दगडांवर लांब पडली. सावलीच्या डोक्याशी खूण म्हणून त्याने एक खडा टाकला आणि दोरी काढली. स्टेर्गिओस टोपी हातात घेऊन उभा होता.

लांब्रिनीने रंधा खाली ठेवला. माझ्यात बसली, मला सुरू केलं, आखूड दांडा ओढला आणि मला दगडांवरून चढवत तिच्या वडिलांच्या आणि सूर्याच्या मधे आणून उभं केलं. झिसिसची सावली माझ्या सावलीत बुडून दिसेनाशी झाली.

"हिची मोजा," ती खाली उतरून म्हणाली. "पायाला घट्ट उभं राहणारं कोणीतरी हवंय ना? तुमचे गुडघे जिना चढताना वाजतात, बाबा."

"यंत्र आहे ते. यंत्राला कुठला जीव?"

"मग रोज सकाळी जागी झालीस का, असं कोणाला विचारता?"

झिसिसने माझ्याकडे पाहिलं. मग तो वाकला आणि त्याने माझी सावली मोजली, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, अगदी हळू, जणू तिला दुखेल.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी भ्यायले. मला सांगता येत नाही. वर्षभरात मी जाणार हे ठरलं होतं खरं, पण जाण्यासाठी आधी जीव असावा लागतो, आणि तो मला आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मान्य केलं होतं. दोरीची गुंडाळी दगडांत गेली, वर वाईनची धार पडली, आणि माझ्या अंगातून काहीतरी गार, हलकं निघून नदीखाली गेलं. तेव्हापासून मी उभी असते इथे, पण मला पाणी ऐकू येतं ते तिथून. मासे कसे वळतात, वाळू कशी कूस बदलते, सगळं कळतं. जहाजातला तो डुलणारा अंधार मला परत मिळाला.

पाया बसला. सावलीमुळे म्हणा, किंवा त्या खेपेला लांब्रिनीने खाली ओकच्या जाड फळ्या पसरल्या होत्या त्यामुळे म्हणा. कमान जुळली, आणि पहिला बर्फ पडला तेव्हा आजी पुलावरून चालत आली, डोक्यावर पिटाचं, म्हणजे पालेभाजी भरून भाजलेल्या पोळीचं, ताट घेऊन. मुलगा तिला न्यायला आला होता. त्याने पुलाच्या मधोमध उभं राहून दोनदा पाय आपटून पाहिला आणि एकटाच परत गेला.

मग माझं वर्ष सुरू झालं.

स्टेर्गिओस पूर्वी पाईप हौद्यात लांबूनच फेकायचा. आता खाली पोतं अंथरून ठेवू लागला. लांब्रिनी दर आठवड्याला तेल बघे. कोरड्या रस्त्यावर आखूड दांडा कोणी ओढत नसे, चढावर कोणी मला ताणत नसे, पात्रातून आले की चाकांतला गाळ धुतला जाई. मी जरा खोकले, की तिघंही काम टाकून उभी राहत.

"गेली वाटतं," स्टेर्गिओस पुटपुटे.

"तुझ्या जिभेला हाड आहे का?" झिसिस म्हणे, आणि कपाळावर थाप मारी. "जागी आहेस ना गं?"

वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला सुरूच केलं नाही. माझ्या हौद्यात बसून तिघांनी आणि आजीने द्राक्षांच्या दारूचे, त्सिपुरोचे पेले भरले आणि सूर्य मावळेपर्यंत गप्पा मारल्या. सूर्य मावळला. मी होते.

पण तोवर त्यांच्या हाताला काळजीची सवय लागली होती, आणि सवय काही वर्ष संपलं म्हणून सुटत नाही. म्हणून मी टिकले. त्या लालभडक गाडीबरोबर आलेल्या सगळ्या जणी भंगारात गेल्या, तरी मी दगड वाहतच होते. आजी आपल्या घरात, आपल्या शेळ्यांच्या आवाजात शांतपणे गेली. झिसिसही खूप म्हातारा होऊन गेला. ती दोघं गेली तेव्हा कुठल्याच पायाने त्यांना मागितलं नव्हतं.

आता माझं इंजिन थांबलं आहे. लांब्रिनीने मला भंगारवाल्याला दिलं नाही. पुलाच्या टोकाशी, अक्रोडाच्या एका तरुण झाडाखाली आणून उभं केलं. काल ती नवी गाडी बघायला शहरात गेली. जाताना तिने शेजाऱ्याच्या गाडीत एक पोतं ठेवलं. आतल्या फरश्या वाजल्या, तेव्हा मला हसू आलं.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी सायकल असेल, एखादं शिलाईयंत्र असेल, रोज तुम्हाला हाक मारून उठवणारं एखादं माणूसही असेल. त्यांची सावली कोणी मोजून ठेवली आहे की नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मोजली आहे असं समजूनच त्यांना हात लावा.

आता संध्याकाळ झाली. या वेळी माझी उरलेली सावली लांब होत होत पुलाच्या पायापर्यंत जाते, आणि तिथे आतलीला हळूच विचारते, जागी आहेस का गं?