सुनयनाबाईची नक्कल

गुणाच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्या वाडीला ठाऊक. पण या खेपेला ती जीभ पोरीच्या लग्नावरच घसरली होती.

त्याच्या मयूरीला बघून गेलेली मुलाची आई, कॅसलरॉककडची सुनयनाबाई, नाकात बोलायची. बाकी सगळं जुळलं होतं, होकार तेवढा तिच्या तोंडून यायचा होता. तिला पोचवून परतताना गुणा मेव्हण्यासोबत, कान्हूसोबत, रानातल्या जांभळीला टेकला आणि नाक चिमटीत धरून सुरू झाला, "पोरीला भात सडाया येतोय न्हवं? दात दाव बघू." कान्हू हसून लोळला. उठताना गुणाला बुंध्याला बांधलेली हिरवी पेटी दिसली. रानाचा अभ्यास करणाऱ्या श्वेता मॅडमनी तिथले आवाज टिपायला लावलेली. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

रविवारी मॅडम शाळेत ते आवाज ऐकवणार होत्या. त्याच दिवशी सुनयनाबाई होकार-नकार कळवायला आली, आणि गुणाच्या बायकोनं, सावित्रीनं, तिला हौसेनं शाळेत नेऊन पुढंच बसवलं.

आधी सागाच्या लागवडीत लावलेली दुसरी पेटी वाजली. एखादा होला, लांबचा ट्रक, आणि वाडीतल्या परशुरामाचा खोकला, अगदी खणखणीत. अख्खी शाळा परशुरामाकडं वळून हसली. गुणानं दाराकडं नजर टाकली. खोकला असा, तर नक्कल कशी निघंल?

"पळायचं तर आत्ता पळा, दाजी," कान्हू कानात म्हणाला.

मग जांभळीची पेटी, नक्कल केली त्याच सांजेची. बटण दाबताच किड्यांची किर्रर्र अशी उसळली की वरचे पत्रे थरारले. त्यात बेडूक, त्यावर पाखरं. माणूस औषधालाही नाही.

मॅडमनी पडद्यावर आवाजाचे रंगीत पट्टे दाखवले. म्हणाल्या, इथं प्रत्येक जीवानं आपली जागा धरलीय, बोट शिरायला फट नाही. भरलेलं रान असं वाजतं. सागात जीवच थोडे, म्हणून तिथं खोकलाही ऐकू येतो. मग पडद्याशी वाकून म्हणाल्या, "इथं कुणीतरी बोलतंयसं दिसतं, पण शब्द कळत नाहीत."

गुणाचा जीव भांड्यात पडला, तो थेट तळाला.

सुनयनाबाईनं पदर सावरला. "आमच्याकडं साग आला नि हे सगळं गप झालं. पोरगी आमची, पण ह्या रानाला हात लावू नगासा."

"म्हंजे, होकार?" गुणानं विचारलं.

"मग काय, कागदावर लिहून देऊ?"

गुणानं घाईघाईनं हात जोडले, आणि सावित्री साखर आणायला घराकडं पळाली.