चादरीआडचा आवाज

कल्याणप्पांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग पायरी उतरून मुरुम गावच्या बाजाररस्त्याला लागला होता. आत दिवाणावर अप्पांचा जुना, कमरेएवढा स्पीकर होता, शेजारी स्टुलावर अॅम्प्लिफायर, आणि त्याच्याजवळ सोमेश महाराज. महाराजांच्या हातात बांगडीएवढं तांब्याचं कडं. त्याला ते नादवलय म्हणत.

"वायरीत काय असतं? तांबं. तांबं कुठनं आलं? खाणीतनं. आईच्या पोटातनं ओढून काढलेल्याला राग असतो का नसतो?"

"असतो," लोक म्हणाले.

"तोच राग तुमच्या भजनात उतरतो. हे वलय त्याला शांत करतं."

महाराजांनी आधी भजनाची दोन कडवी तशीच ऐकवली. मग वलय स्पीकरवर ठेवलं, डावा हात अॅम्प्लिफायरवर टेकवून डोळे मिटले, ओठांत काहीतरी पुटपुटले आणि तीच कडवी पुन्हा लावली.

बैठकीतून "आहा" उठलं.

"मघाशी तबला भिंतीपातूर येत व्हता. आता माझ्या मांडीवर येऊन बसला," एकजण म्हणाला.

"पेटीतला वारासुदिक ऐकू यायलाय," दुसरा म्हणाला.

अप्पांनी डोळे पुसले. सगळ्या मुरुममध्ये अप्पांच्या कानाचा शब्द शेवटचा. कुणी नवा स्पीकर घेतला की आधी अप्पांना चहाला बोलवायचं. ते गाणं ऐकून मान हलवतील तर ठीक, नाहीतर स्पीकर दुकानदाराला माघारी. त्या अप्पांचे डोळे भरले, म्हणजे मग प्रश्नच मिटला.

त्यांची सून राजेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला आवाज किंचित मोठा झाल्यासारखा वाटला. बस.

"मोठा झालाय फक्त," ती शेजारच्या शिवकन्याला हळूच म्हणाली.

"मोठा न्हाय गं, खोल झालाय. तुला कळंना का?"

सगळ्या माणसांना जे ऐकू येतं ते आपल्यालाच येत नाही, यासारखं एकटेपण नाही. खरं तर राजेश्वरीला पहिला आवाज नीट आठवतच नव्हता. दोन साड्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवून काठ ताडून बघता येतात. आवाजाचं तसं नाही. दुसरा येईपर्यंत पहिला विरून गेलेला असतो, आणि मग माणूस आठवणीतल्या आवाजाशी भांडत बसतो. बीएस्सी करताना प्रयोगशाळेत तिनं कितीतरी गोष्टी मोजल्या होत्या. इथं मोजायचं कशानं?

तेवढ्यात ते घडलं. दिवाणावर आजीजवळ बसून वाटीचं झाकण चोखणारा तिचा लेक मल्हार वळला. स्पीकरकडे बघून हसला आणि त्याच्या लाकडावर त्यानं तळहात ठेवला.

"वळला! माझा मल्हार वळला!" सासू हरणाबाई उभ्याच राहिल्या.

बैठकीत कल्ला झाला. मल्हार वर्षाचा होऊन गेला तरी हाकेला ओ देत नव्हता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मागून टाळी वाजवली, कुकरची शिट्टी झाली, कुत्रं भुंकलं, तरी पोर आपलं खेळण्यात. उमरग्याच्या डॉक्टरांनी सोलापूरला कानाच्या तपासणीसाठी शुक्रवारची तारीख घेऊन दिली होती. "उशीर करू नका," ते म्हणाले होते, "ऐकण्याची वाट जितकी लवकर उघडेल तितकं बोलणं सोपं."

महाराजांनी मल्हारच्या डोक्यावर हात ठेवला. "याच्या कानात नाद झोपलाय. सव्वा महिना रोज वलयाचा आवाज द्या. तोवर यंत्र, तपासणी काही लावायचं न्हाय. जागा व्हायला लागलेला नाद बिथरतो. आता वलय इथंच राहू द्या. गुरुवारी येतो मी."

"सोलापूर रद्द," अप्पा म्हणाले.

"अप्पा, तपासणीनं काय बिघडतं?" राजेश्वरी म्हणाली. "आपण नुसतं..."

"तुला काय ऐकू आलं मघाशी? खरं सांग."

"आवाज थोडा मोठा झाल्यासारखा."

हरणाबाईंनी नातवाला छातीशी धरलं. "आईलाच कान न्हाय, तर लेकराला कुठनं यावा?" त्या बोलून गेल्या. लोक हसले नाहीत, पण कुणी त्यांना अडवलंही नाही.

दिवेलागणीला नवऱ्याचा फोन लागला. वीरभद्र ट्रक घेऊन हैदराबादच्या वाटेवर होता. मागे हॉर्न वाजत होते.

"अप्पा म्हणत्यात तसं कर ना. तुला सगळ्यातच संशय. पोरगं वळलं म्हणतात, तर खूश हो की."

ती खूश व्हायला बघत होती, हीच तर अडचण होती. मल्हार वळला तेव्हा तीही पळत दिवाणावर जाऊन बसली होती. लेकाला कवेत घेतलं, आणि तिच्या मांड्यांना दिवाणाची फळी थरथरताना जाणवली. पोर कशानं वळलं, ते त्याच क्षणी तिला कळलं होतं. तरी तिनं ते कळणं बाजूला सारलं. एक संध्याकाळ तरी आपलं पोर ऐकतंय असं धरून चालू, असं तिनं स्वतःला सांगितलं. कुणाजवळ बोलणार? लोकांपुढे संशय घेणारी, मनात स्वतःला फसवणारी, दोन्हीकडून एकटीच.

पण आणखी एक गोष्ट तिनं पाहिली होती. अॅम्प्लिफायरवर हिरव्या दिव्यांची ओळ असते, आवाज वाढला की पुढचा दिवा लागतो. महाराजांनी वलय ठेवून हात टेकवला, तेव्हापासून ओळीत एक दिवा जास्त उजळत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर ती अप्पांसमोर बसली.

"अप्पा, मला शिकवा. फरक कसा ओळखायचा ते."

अप्पा खुलले. "त्यात काय शिकायचं? बस. लाव भजन."

"माझ्या डोळ्यांनी गोंधळ होतो. स्पीकरवर आणि मशीनवर चादर टाकते. मी मागून वलय ठेवीन, काढीन. तुम्ही सांगा."

तिनं चादर टाकली. भजन लागलं.

"आता न्हाय वलय. कोरडा आवाज हाय," अप्पा म्हणाले.

तिनं आवाजाचं बटण एका दिव्यानं पुढे सरकवलं.

"हां! आता ठेवलंस. बघ कसा पाझर फुटला."

तिनं बटण मागे घेतलं. "काढलंस," अप्पा म्हणाले. पुन्हा पुढे. "ठेवलंस." अप्पा एकदाही डगमगले नाहीत.

राजेश्वरीनं पदराची गाठ सोडली. वलय गाठीत होतं, पहिल्यापासून.

अप्पांनी ते कडं हातात घेऊन फिरवलं. "काल म्या खोटं बोललो न्हाय, पोरी."

"न्हाय अप्पा. तुम्हाला खरंच गोड ऐकू आलं. तेच गाणं जरासं मोठं लावलं की गोडच लागतं, कुणाच्याही कानाला. महाराजांचा अंगठा बटणावर होता."

"मग मल्हार कसा वळला?" हरणाबाई दारातून म्हणाल्या.

राजेश्वरीला इथंच थांबायचं होतं. वलय खोटं ठरवणं सोपं होतं. पुढचं खोटं ठरवलं, तर हातात काहीच उरणार नव्हतं.

"आत्या, तुम्हीच करून बघा," ती शेवटी म्हणाली. "स्पीकर खाली घ्या. गोधडीची घडी करून तिच्यावर ठेवा. मल्हार वर दिवाणावर राहू द्या."

हरणाबाईंनी गोधडी घातली. अप्पांनी स्पीकर उतरवला. भजन लागलं. मल्हार वाटीचं झाकण फिरवत होता. अप्पांनी स्वतः बटण पुढे नेलं, एक दिवा, दुसरा, तिसरा. खिडकीची काच वाजायला लागली. मल्हारनं झाकण उलटं केलं आणि पुन्हा चोखायला लागला.

मग स्पीकर परत दिवाणावर ठेवला. मल्हार लगेच वळला, हसला, लाकडावर तळहात ठेवला.

"त्याला फळी कळते, आत्या. तुम्ही शहाबादी फरशीवर ताट पाडून बघायचात, तेव्हाही तो वळायचा. त्याच्या अंगाला कळायचं. कानाला नाही."

हरणाबाई खाली बसल्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, पण तिचा पदर मुठीत धरला आणि धरूनच ठेवला.

गुरुवारी बैठक पुन्हा भरली. महाराजांनी वलय उचललं, तसे अप्पा उठून अॅम्प्लिफायरजवळ जाऊन बसले आणि बटणावर स्वतःचा हात ठेवला.

"महाराज, बटनावर आज माझा हात. आता ठेवा वलय."

"यंत्राला माझा स्पर्श लागतो, अप्पा."

"तांब्याचा राग काढायला वलय हाय, म्हणला व्हता. मग स्पर्श कशाला? ठेवा."

महाराजांनी वलय ठेवलं. भजन लागलं. लोक कान टवकारून बसले. कुणी "आहा" म्हणेना. अप्पांनी वलय काढलं, ठेवलं, पुन्हा काढलं.

"काय फरक हाय रे?" अप्पांनी विचारलं.

"न्हाय बा," ज्याच्या मांडीवर तबला बसला होता, तो म्हणाला.

"नादाची परीक्षा घेणाऱ्याला नाद सोडून जातो," असं म्हणत महाराज चप्पल शोधायला लागले. ढिगात त्यांना त्यांची चप्पल काही लवकर सापडेना. शिवकन्या म्हणाली, "डोळे मिटा महाराज, हात टेकवा, सापडंल." तेव्हा मात्र सगळे हसले.

अप्पा हसले नाहीत. "माझा कान लई मोठा, असं तुम्हीच म्हणत आला," ते लोकांना म्हणाले. "मोठ्या कानालाबी चादर टाकून विचारावं. कुणी दोन गोष्टी दाखवून एक भारी हाय म्हणला, तर दोन्ही सारख्या मापानं दावायला लावा, आन् बटनावरचा त्याचा हात काढायला लावा. मंग काय उरतं ते खरं."

शुक्रवारी सकाळी राजेश्वरी सोलापूरच्या एसटीत बसली. अप्पा येतो म्हणाले होते, पण त्यांचे गुडघे धरलेले. हरणाबाईंनी डबा दिला आणि मल्हारच्या कानामागे काजळाचा ठिपका लावला. वीरभद्रला तिनं निघाल्याचं कळवलं. उत्तर आलं नाही, गाडी चालवत असेल.

काहीच खोटं उरलं नव्हतं, आणि तिला फार मोकळं मोकळं वाटत होतं. तपासणीत काय निघेल, यंत्र बसेल का, त्यानं किती ऐकू येईल, तिला ठाऊक नव्हतं. पण आता जे काही मोजायचं होतं ते खरंच मोजलं जाणार होतं.

मुरुम मागे पडलं. तिनं त्याला हाक मारली, "मल्हार." नेहमीसारखीच, मागून. तो वळला नाही. तो खिडकीच्या थरथरणाऱ्या काचेवर तळहात ठेवून हसत होता. मग तिनं आपला हात त्याच्या हाताशेजारी काचेवर ठेवला, आणि तो वळला.