जुळ्या

बाळकुमच्या दामाजीच्या तुळसा आणि मंजुळा या जुळ्या मुली, चेहऱ्याने इतक्या सारख्या की शेजारणीही फसायच्या. त्यांची आई आवडाबाई जात्याच घाबरट. छातीत धडधडायला लागलं की तिला दोन पोरी आवरायच्या नाहीत, म्हणून मंजुळाला दुसऱ्या वर्षीच आंबिवलीला मावशीने नेलं. तुळसा राहिली बापाजवळ. दामाजी प्यायला की आवडाबाईला बडवायचा. दारात त्याचं पाऊल कसं पडलं यावरून तुळसाला आज काय होणार ते कळायचं.

एक्क्याण्णव साली, एकविसाव्या वर्षी, नौपाड्यात भाजी घेताना तुळसाचे हातपाय बधिर झाले, श्वास पुरेना. ईसीजी चांगला आला, तेव्हा तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. सोबत मंजुळा होती आणि दामाजीही.

"आयशीवर गेलीय," दामाजी म्हणाला. "रक्तातच हाय. आपन काय करनार?"

बाईंनी मंजुळाकडे पाहिलं. "रक्त हिचंही तेच. हिला होतं असं?"

"नाही," मंजुळा म्हणाली. "मी मावशीकडे वाढले."

"आईकडून नाजूकपणा येतो, दामाजी. पण नुसता तेवढ्याने आजार होत नाही. घरात रोज धाक असला की तो वर येतो. तुमच्या घरी काय चालायचं?"

दामाजी उठून बाहेर गेला.

मुलींसमोर झालेला हा अपमान त्याने गिळला नाही. गावभर सांगत सुटला, "डॉक्टरीनच बोलली, दोगींच्या रक्तात येडेपन हाय." मंजुळाचं लग्न कल्याणच्या शिवरामशी ठरलं होतं. साखरपुडा झालेला. आठवड्याभरात त्यांच्याकडून नकार आला.

मंजुळा बाळकुमला जाऊन बापासमोर उभी राहिली. "स्वतःच्या पोरीबद्दल असं का सांगितलंत?"

"खोटं काय सांगितलं?" तो म्हणाला.

ती तुळसाला घेऊनच परतली. आवडाबाई मात्र यायला तयार झाली नाही. आंबिवलीत तुळसा गोळ्यांवर आणि शांत घरात हळूहळू सावरली, शिवणकाम करू लागली. मंजुळा मात्र घराबाहेर पडेनाशी झाली. दुकानात बायका कुजबुजायच्या, नवं स्थळ आलं की चौकशी बाळकुमपर्यंत जायची आणि तिथेच थांबायची. वर्षभराने भर दुपारी, स्टेशनच्या रस्त्यावर, तिने भिंत धरली. ओठ पांढरे पडले होते.

सोबत असलेल्या तुळसाने काय होतंय ते विचारलंही नाही. तिला खाली बसवून म्हणाली, "श्वास सोड. हळू. मरत नाहीस तू."

ही बातमी बाळकुमला पोचली, तेव्हा दामाजी पारावर बसला होता.

"बगा," तो चारचौघांना म्हणाला, "मी आधीच बोल्लो होतो."