साहेबांचा एकटा नर

खूरतात्याला खरं नाव होतं, पण ते हजेरीबुकातच राहायचं. चाळीस वर्षं जनावरांचे माग काढून त्याची मान कायमची खाली झुकली होती. बायको म्हणायची, "लग्नात ह्यांनी माझं तोंड नाही, पाय पाहिले."

तर त्या सकाळी वनखात्याच्या कचेरीत नवे साहेब टेबलावर रंगीत तक्ता पसरून बसले होते. तक्त्यात दोन रानडुकरं काढलेली, एक नर, एक मादी. बटाट्याचं शेत उकरणारं डुक्कर मारायचा हुकूम निघाला होता. नर असेल तरच. उद्या बंदूकवाले येणार होते. साहेबांनी नर का मादी ते लिहून सही ठोकायची, की झालं.

"कळप सोडून एकटंच फिरतंय ना? मग नर. तक्त्यात आहे."

"साहेब, मी तिला बघितलंय. पोटाखाली सडांची रांग, दुधानं टम्म. नराला तिथं केसांचा झुपका असतो, अन् सुळ्यांनी ओठ वर उचललेला. हिचं तोंड सरळ, लांबोडकं. बाळंतीण आहे ती. बाळंतपणाला कळप सोडून एकटीच जाते, गवताचं घर करते."

"तात्या, शिकलात किती?"

"चौथी. तीबी मास्तर आजारी होते म्हणून पास झालो."

"मग तक्त्याशी वाद घालू नका."

गवताचा तो ढीग तात्यानं हलताना पाहिला होता. कागदावर नर पडला की उद्या आई जाणार, अन् आतली पिल्लं दुधावाचून तडफडून मरणार.

"कागद इथंच राहील, साहेब. एकदा डोळ्यांनी बघा तरी."

"कागद माझ्या खिशात राहील," साहेब म्हणाले आणि निघाले.

रानात काटेरी झुडपाखाली तो गवताचा ढीग दिसला. साहेबांनी ढिगावरच दुर्बीण लावली. "काय छाती आहे! नरच!" असं म्हणून सुळे मोजायला ते दहा पावलं पुढे सरकले. ढीग फुरफुरला.

साहेब झाडावर कसे चढले ते त्यांना आजवर सांगता आलेलं नाही. तात्या वरच्या फांदीवर आधीच बसला होता. झाड त्यानं येतानाच हेरून ठेवलेलं.

मग गवतातून पट्ट्यापट्ट्यांची सात पिल्लं लुटूलुटू बाहेर आली. डुकरीण बरोबर झाडाच्या बुंध्याशी आडवी झाली आणि सातही तिला लुचायला लागली.

साहेब खिशातून कागद काढून लिहू लागले, "नर. सोबत सात पिल्लं."

"अहो साहेब!"

"काल मोठ्या साहेबांना फोनवर नर सांगून बसलोय. आता मादी लिहू? आणि मादीनं झाडावर चढवलं म्हटलं तर कचेरीत तोंड कुठं दाखवू?"

तात्यानं मान खाजवली. "मग नरच असू द्या. पिल्लं तेवढी खोडा. पुढं लिहा, माग नदीपलीकडे गेला, हद्द सोडली."

"पटेल वरती?"

"न पटायला काय झालं? घरात बाळंतपण निघालं की कुठला नर घरी थांबतो?"

साहेबांनी फांदीवर बसूनच सही केली. बंदूकवाले पुढे तीन दिवस नदीपलीकडे त्या नराला शोधत हिंडले, आणि साहेबांच्या अचूक माहितीचं वरून कौतुकही आलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी कागद तयार होता, खाली डुकरीण घोरत होती, आणि दोघं तिची झोप व्हायची वाट बघत बसले होते.

"तात्या," साहेब हळूच म्हणाले, "ही उठते कधी?"

"तक्त्यात बघा की, साहेब."