सोमाजीचं नाक

अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात एकोडीच्या आनंदाबाईला मोठा ताप आला. ताप उतरला, अंगात ताकदही आली, पण वास गेला तो गेलाच. चवही त्याच्यामागे गेली. भात तोंडात नुसता ओला लागायचा.

साकोलीचे डॉक्टर म्हणाले, "येईलही, नाहीही. वाट पाहा."

"वास नाही तं काय झालं?" परतताना नवरा सोमाजी म्हणाला. "डोळे हायेत, कान हायेत."

काही दिवसांनी तो शेतावरून आला तो अंगणातच थबकला. घरभर करपल्याचा वास, चुलीवर डाळ कोळसा झालेली, आणि शेजारी आनंदाबाई पाठमोरी, शांतपणे तांदूळ निवडत बसलेली.

"अवं, डाळ जळून राहिली ना!"

तिने वळून पाहिलं आणि तिला रडूच फुटलं. "मी इथंच होती. मले काहीच समजलं नाही."

सोमाजीने जळकं भांडं चुलीवरून उतरवलं. दुसऱ्या संध्याकाळी तो पाट घेऊन चुलीपाशी बसला. "तू रांध. वास मी सांगतो."

फोडणी तडतडली. तिने विचारलं, "कसा येते?"

"चांगला."

"चांगला म्हंजे? लसूण कच्चा हाय का झाला?"

त्याला सांगता येईना. वीस वर्षं तो खाली मान घालून जेवला होता. त्याने डोळे मिटले, पुन्हा वास घेतला.

हळूहळू त्याला कळू लागलं. कच्चा लसूण नाकात टोचतो, भाजला की गोड होतो. मग शेतातूनही तो वास घेऊन यायचा. "चिनोराचा धान फुलला, बरं का. वासरानं दूध पेल्यावर त्याच्या तोंडाले येते ना, तसा वास हाय." ती हातातलं काम थांबवून ऐकायची.

"सोमाजीभाऊ, आता लुगडं नेसा!" शेजारची मालनबाई हसायची. तो पाटावरून हलायचा नाही.

थंडीत एका सकाळी गोठा झाडताना आनंदाबाई एकदम थांबली. मग झाडू टाकून धावत आली.

"आला! गोठ्याचा वास आला!"

"कसा हाय?"

"घाण!" ती हसत सुटली. हसता हसता डोळे पुसू लागली.

पुढे एकेक वास परतला. काही आले नाहीत, पण स्वयंपाकापुरतं भागलं. एके संध्याकाळी ती म्हणाली, "तुमी बाहेर बसा आता. मले येते वास."

"मले बी आत्ताच येऊन राहिला," सोमाजी म्हणाला, आणि पाट चुलीजवळ सरकवला.